खांब खालून वाचूया: ग्रीक-रोमन स्तंभाची बैठक आणि पेडेस्टल

शिल्परेषा

ग्रीक-रोमन खांब ओळखायचा तर मान वर करायची, अशी सवय आपल्याला पुस्तकांनी लावली आहे. माथ्यावर साधी फुगीर चकती असेल तर डोरिक, कडेला वळलेल्या गुंडाळ्या असतील तर आयोनिक, अकँथसची पानं असतील तर कोरिंथियन. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण माझं ठाम मत असं की खांब घडवणाऱ्याची समज तळाशी जितकी उघडी पडते तितकी माथ्याशी पडत नाही. माथ्यावर कोरीवकाम नजर खेचून घेतं. खाली पानं नाहीत, गुंडाळ्या नाहीत. चार-पाच आडव्या पट्ट्या, त्यांची उंची, कुणाचा फुगवटा, कुणाची खोबण, एवढ्यावरच सगळं निभवायचं असतं.

प्रश्न मुळात साधा आहे. उभा, गोल, वर निमुळता होत जाणारा दंड सपाट फरशीला टेकवायचा कसा? याची जी उत्तरं निघाली त्यांत सर्वांत जास्त टिकलेलं उत्तर म्हणजे अ‍ॅटिक बैठक. तिच्यापासूनच सुरुवात करते.

अगदी खाली प्लिंथ, म्हणजे चौकोनी, सपाट, बिनकोरीव दगड. त्यावर खालचा टोरस, बाहेर फुगलेलं जाड कडं. त्यावर फिलेट नावाची बारीक सपाट पट्टी. मग आत वळलेली खोबण, तिला स्कोशिया म्हणतात. पुन्हा एक फिलेट. मग वरचा टोरस, खालच्यापेक्षा बारीक आणि थोडा आत सरकलेला. बैठक इथं संपते. त्याच्यावर आणखी एक पट्टी दिसते आणि तिथून दंडाकडे अलगद चढणारा बाक दिसतो. ते दोन्ही दंडाचे भाग. त्या बाकाचं नाव अपोफिजी.

हा क्रम असाच का, हे उन्हात उभं राहून बघितलं की पटतं. टोरसची पाठ उजळते आणि पोटाकडे उजेड हळूहळू मावळतो. स्कोशियात नेमकं उलट घडतं: वरच्या कडेची सावली आत पडते, म्हणून खोबण वरून काळी आणि खालच्या ओठाशी उजळ. दोन फुगवट्यांमध्ये ही खोबण बसवली की तळाशी उजेड, अंधार, उजेड असे आडवे पट्टे तयार होतात आणि ते लांबूनही दिसतात. फिलेट काढून टाकलं तर फुगवटा आणि खोबण एकमेकांत विरघळतील, कुठलीच रेघ ठरणार नाही. बोटभर रुंदीच्या त्या पट्टीचं काम मला सगळ्यांत मोठं वाटतं.

आता मापं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियसनं या बैठकीचं गणित लिहून ठेवलं. त्याचं एकक म्हणजे खांबाची तळाची जाडी. समजा खांब ६० सेंमी जाड आहे. प्लिंथसकट बैठकीची उंची निम्मी, म्हणजे ३० सेंमी. प्लिंथची बाजू दीडपट, ९० सेंमी. उंचीतले १० सेंमी प्लिंथला. उरलेल्या २० चे चार भाग करायचे, त्यातला एक, ५ सेंमी, वरच्या टोरसला. राहिलेले १५ निम्मे निम्मे: साडेसात खालच्या टोरसला, साडेसात स्कोशियाला, दोन्ही फिलेटं धरून. कागदावर काढून बघा. जडपणा खाली, हलकेपणा वर, आणि मध्ये एक श्वास घ्यायला जागा, हे सगळं या भागाकारातून आपोआप येतं.

आयोनियाकडची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या किनाऱ्यावरची बैठक वेगळी. तिथं प्लिंथवर दोन स्कोशिया एकावर एक, त्यांच्या आसपास अ‍ॅस्ट्रागलांच्या जोड्या (अ‍ॅस्ट्रागल म्हणजे टोरसचंच अगदी बारीक रूप), आणि सगळ्यांच्या वर एकच मोठा टोरस. व्हिट्रुव्हियस हिचंही माप देतो. त्याच ६० सेंमीच्या खांबाला प्लिंथची बाजू साडेब्याऐंशी सेंमी, प्लिंथ उंचीला तेवढाच, वरच्या २० सेंमीचे सात भाग, त्यांतले तीन एकट्या टोरसला. हे मला खटकतं. खाली नाजूक पट्ट्या आणि वर भलं मोठं कडं. पुढे इटालियन वास्तुतज्ज्ञ पल्लाडिओनं १५७० मध्ये आपल्या ग्रंथात आयोनिक खांबाखाली सरळ अ‍ॅटिक बैठक दिली, ते मला योग्यच वाटतं. पण सामोस बेटावरच्या हेराच्या देवळातल्या जुन्या बैठका पाहिल्या की आशियाई परंपरेबद्दल आदरही वाटतो. त्या दगडांवर आडव्या बारीक खाचा एकाखाली एक इतक्या नेमक्या आहेत की ते दगड लेथवर फिरवून कातले असावेत, असं अभ्यासक मानतात.

पेडेस्टलबद्दल, म्हणजे बैठकीखालच्या चौथऱ्याबद्दल, खाली प्रतिसादात लिहीन, नाहीतर धागा फार लांबेल. तुम्ही पाहिलेल्या बैठकांबद्दल नक्की लिहा.

कौलारू

सुंदर लेख. ते ६० सेंमीचं उदाहरण लगेच वहीत काढलं, खरंच अ‍ॅटिक बैठकच तयार होते.

एक शंका. बैठक इतकी महत्त्वाची, तर अथेन्सच्या टेकडीवरच्या पार्थेनॉन देवळाच्या खांबांना ती का नाही? तो तर ग्रीक वास्तुकलेचा कळस मानतात. इसवी सनापूर्वी ४४७ ला काम सुरू केलेल्या लोकांना बैठक माहीत नव्हती असं तर म्हणता येणार नाही.

शिल्परेषा

कौलारू, माहीत होती. त्याच टेकडीवर प्रॉपिलियात, म्हणजे प्रवेशद्वाराच्या इमारतीत, वास्तुतज्ज्ञ मनेसिक्लीसनं बाहेर डोरिक खांब बैठकीशिवाय लावले आणि आत वाटेच्या दोन्ही बाजूंना आयोनिक खांब बैठकीसकट लावले. एकाच छपराखाली दोन्ही. म्हणजे डोरिकला बैठक न देणं हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे.

एक कारण मोजून दाखवता येतं. पार्थेनॉनचा खांब तळाशी सुमारे १.९ मीटर जाड, आणि दोन खांबांच्या मध्यांतलं अंतर सुमारे ४.२९ मीटर. म्हणजे मोकळी जागा जवळपास २.४ मीटर. आता याला दीडपट प्लिंथ बसवा. प्लिंथ होतो २.८५ मीटरचा आणि मोकळी वाट उरते १.४४ मीटर, तीही चौकोनी कोपऱ्यांमधून. डोरिक खांब जाड आणि दाटीनं उभे असतात, त्यांना हा पसारा परवडत नाही. आयोनिक खांब सडपातळ आणि लांब लांब, त्यांना परवडतो.

अथेन्सच्या आयोनिक इमारतींतही प्लिंथ बहुतेक नसतोच, हे इथं सांगायला हवं. त्याच टेकडीवरच्या एरेक्थिऑन देवळाच्या बैठका गोल, थेट पायरीच्या दगडावर. चौकोनी प्लिंथ सर्रास लागला तो रोमनांच्या हातून. व्हिट्रुव्हियसचं गणित मी वर दिलं ते त्या रोमन सवयीचं आहे. अथेन्सच्या ग्रीकांनी त्यातला खालचा तिसरा हिस्सा गाळलेला असायचा.

एजियन

डोरिकला बैठक नाही, या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. तीन पायऱ्यांचा जो क्रेपिडोमा असतो, ज्याच्या सर्वांत वरच्या थराला स्टायलोबेट म्हणतात, तीच सगळ्या खांबांची मिळून एक बैठक आहे. आयोनिकमध्ये प्रत्येक खांबाला स्वतःची, डोरिकमध्ये सगळ्या रांगेला सामायिक.

आणि ती नुसती पायरी नाही. पार्थेनॉनचा स्टायलोबेट मध्यभागी वर उचललेला आहे. लांब बाजूला, म्हणजे ६९.५ मीटरमध्ये, मध्य कोपऱ्यांपेक्षा सुमारे ११ सेंमी उंच आहे. प्रत्येक खांबाचा सर्वांत खालचा ड्रम (ड्रम म्हणजे दंडाचा एकेक गोल दगड) त्या बाकाला जुळवून घ्यावा लागला. तेव्हा तळाचा विचार तिथं झालाच नाही असं नाही, उलट फार बारकाईनं झाला. फक्त तो कड्यांच्या रूपात दिसत नाही.

शिल्परेषा

एजियन, सामायिक बैठक ही मांडणी मला मान्य आहे. फक्त एक फरक राहतो. आयोनिक खांब फरशीपासून सुटा दिसतो, डोरिक फरशीतून उगवल्यासारखा. दंडावरच्या उभ्या खाचा डोरिकमध्ये थेट फरशीपर्यंत उतरतात. कारागिरांना याचा त्रासही होता. खाचा कोरायच्या त्या खांब उभा झाल्यावर, पण फरशीलगत छिन्नी चालवायला जागाच नाही. म्हणून सर्वांत खालच्या ड्रमवर खाचांची सुरुवात आधीच कोरून घेत आणि मग तो जागेवर बसवत. आयोनिकमध्ये खाचा अपोफिजीच्या वरच गोल टोकांत संपतात, खाली बैठक मोकळी.

भारवाही

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, म्हणून एक मुद्दा. अनेक पुस्तकांत लिहितात की बैठक वजन पसरवते. अर्धंच खरं आहे. दंडातून येणारं वजन त्याच्या रुंदीएवढ्या क्षेत्रातून सरळ खाली जातं आणि थोडंच बाजूला पसरतं. टोरसचा बाहेर आलेला फुगवटा जवळजवळ काही उचलत नाही. प्लिंथचे कोपरे तर त्याहून कमी. खाली आधार नीट नसेल तर ते कोपरे तुटतात, कारण दगड दाबाला भक्कम आणि वाकण्याला कमजोर. जुन्या इमारतींत तुटलेले प्लिंथचे कोपरे म्हणूनच इतके दिसतात.

माझ्या मते बैठकीचा मोठा फायदा वेगळाच. दंडाची खालची कड फरशीपासून वर उचलली जाते. पाणी, धक्का, घासणं, हे सगळं बैठक सोसते. दंड खराब होत नाही.

दिंडी दरवाजा

भारवाहींच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. आमच्याकडे लाकडी खांब कधीच थेट जमिनीवर येत नाही, खाली दगडी तळखडा असतो. ओल वर चढली की सागवानसुद्धा खालून कुजतं. ग्रीक खांबही आधी लाकडी होते म्हणतात, तर त्यांची बैठक तिथूनच आली का?

शिल्परेषा

दिंडी दरवाजा, ओलीपासून बचाव हे कारण तिथंही होतं असं मानायला जागा आहे. क्नॉससच्या मिनोअन राजवाड्यात लाकडी खांबांखाली दगडी चकत्या होत्या. ऑलिंपियाच्या हेराच्या देवळात मूळ लाकडी खांब एकेक करून दगडी केले गेले, आणि दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासी पॉसॅनियस तिथं गेला तेव्हा एक ओकचा खांब अजून उभा होता, असं त्यानं लिहिलंय. पण अ‍ॅटिक बैठकीची वळणं ओलीवरच्या उपायातून निघत नाहीत. त्यासाठी नुसती चकती पुरली असती. सांधा आधी गरजेपोटी आला आणि मग कुणीतरी त्याच्यावर बराच काळ डोळे रोखून बसलं, असं मला वाटतं.

भारवाही, तुमच्या मुद्द्याला एक जोड. बैठक वेगळ्या दगडाची असते, याचे फार दूरवर परिणाम झाले. रोमन साम्राज्य ओसरल्यावर जुने दंड काढून नव्या इमारतींत लावायची पद्धत पडली. दंडांची उंची सारखी नसायची, मग फरक बैठकीत भागवायचा. कॉर्दोबाच्या मोठ्या मशिदीत हे दिसतं. आणि १५०२ च्या सुमारास वास्तुतज्ज्ञ ब्रामान्तेनं रोममध्ये टेंपिएत्तो हे छोटं गोल देऊळ बांधलं तेव्हा १६ जुने ग्रॅनाइटचे दंड घेतले आणि बैठका व माथे संगमरवरात नवे घडवले.

बॉस्फरस

इस्तंबूलच्या येरेबातान या जमिनीखालच्या जलाशयात (सहावं शतक) ३३६ खांब आहेत, त्यातल्या दोघांच्या तळाशी मेड्युसाची मुंडकी बसवली आहेत. एक आडवं, एक उलटं. लोक तिथं गूढ अर्थ शोधतात. मला वाटतं उंची भरून काढायला हाताशी होते ते दगड वापरले. शिल्परेषा म्हणतात तसंच.

सोनचाफा

अथेन्सला जाणाऱ्यांसाठी: अ‍ॅक्रोपोलिस बघून झालं की खाली ऑलिंपियन झ्यूसच्या देवळात जाच. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात, १३१-३२ च्या सुमारास पूर्ण झालं, मूळ १०४ कोरिंथियन खांब होते, उंची जवळजवळ १७ मीटर. त्यातला एक १८५२ च्या वादळात कोसळला आणि तो तसाच पडून आहे, ड्रम एकामागोमाग एक कलंडलेले. उभ्या खांबाची बैठक आणि पडलेल्या खांबाचे सुटे दगड एकाच नजरेत येतात. खांब कसा रचतात हे समजावून सांगायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

एरेक्थिऑनच्या उत्तरेकडच्या ओवरीत वरच्या टोरसवर गोफासारखी गुंफण कोरली आहे, तीही बघा. आणि जवळच अथीना नाइकीचं छोटं देऊळ. तिथली बैठक अ‍ॅटिकच, पण खालचा टोरस अगदी पातळ आणि खोबण उंच. शेजारच्या दोन इमारती, त्यांच्यात थोड्याच वर्षांचं अंतर, आणि प्रमाण अजून ठरतंय हे दिसतं.

शिल्परेषा

सोनचाफा, नाइकीच्या देवळाची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. त्या बैठकीत स्कोशिया मुख्य आणि टोरस सोबतीला आहे. एरेक्थिऑनमध्ये तिघांचा तोल जमला. पुढच्या दोन हजार वर्षांत लोकांनी एरेक्थिऑनचाच तोल उचलला.

आता पेडेस्टल.

पेडेस्टल म्हणजे बैठकीच्याही खाली असणारा चौथरा, एका खांबापुरता. त्याचे भाग तीन. खाली पायाची पट्टी, तिच्यात पुन्हा छोटा प्लिंथ आणि एखादं-दुसरं वळण. मध्ये सपाट घनाकृती भाग, त्याला डाय किंवा डॅडो म्हणतात. वर बाहेर आलेली कॉर्निस. ग्रीक देवळांत एकेका खांबाला असा चौथरा सहसा नसतो. रोमनांचं देऊळ मात्र पोडियमवर, म्हणजे उंच जोत्यावर उभं असतं आणि पायऱ्या फक्त समोर. त्या पोडियमलाही खाली पट्टी, मध्ये सपाट भिंत, वर कॉर्निस. त्याचा एका खांबापुरता तुकडा कापून काढला की पेडेस्टल होतं. माझ्या डोळ्यांना तो तसाच दिसतो. रोमच्या विजयकमानींत खांब पुढे येऊन सुटे उभे राहिले तसा हा तुकडाही त्यांच्याबरोबर पुढे आला. २०३ सालच्या सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीत खांबांच्या पेडेस्टलवर बंदी केलेले पार्थियन कोरले आहेत.

मापांसाठी व्हिन्योला या इटालियन वास्तुतज्ज्ञाकडे जावं लागतं. १५६२ मध्ये त्यानं पाच ऑर्डरांचे (ऑर्डर म्हणजे डोरिक, आयोनिक अशी खांबाची शैली) जे नियम छापले ते आजही शिकवले जातात, कारण ते सोपे आहेत. एकूण उंचीचे १९ भाग करा. चार पेडेस्टलला, बारा खांबाला (बैठक आणि माथा धरून), तीन एन्टाब्लेचरला, म्हणजे खांबांवरच्या आडव्या तुळईच्या पट्ट्याला. म्हणजे पेडेस्टल खांबाच्या एक तृतीयांश, एन्टाब्लेचर एक चतुर्थांश. ३.८ मीटर उंचीत बसवायचं तर ८० सेंमी पेडेस्टल, २.४ मीटर खांब, ६० सेंमी एन्टाब्लेचर. आणि एक अट जी नकलांमध्ये हमखास मोडलेली दिसते: डायची रुंदी बैठकीच्या प्लिंथएवढीच. प्लिंथ डायपेक्षा आत गेला की खांब चुकून तिथं ठेवल्यासारखा वाटतो. बाहेर आला तर तो पडेल की काय असं वाटतं.

पेडेस्टल स्वतःच स्मारक होतं तेव्हा काय घडतं ते रोममध्ये सम्राट ट्रेजनच्या स्तंभाखाली बघावं. ११३ साल. चारही बाजूंना जिंकलेल्या डेशियन लोकांची शस्त्रं, ढाली, चिलखतं यांचे ढीग कोरले आहेत. एका बाजूला दार, दारावर लेख. त्या लेखाची अक्षरं आजही रोमन लिपीच्या अक्षरलेखनात आदर्श मानतात. आत खोली, जिथं ट्रेजनची रक्षा ठेवली होती, आणि तिथूनच स्तंभाच्या पोटातून वर जाणारा गोल जिना. डायच्या वर कोपऱ्यांवर गरुड, आणि त्यावर टोरस. तो टोरस लॉरेलच्या पानांच्या जाड हारासारखा कोरलेला आहे. विजयाचा हार खांबाच्या पायाशी, आणि त्याच वेळी तो हार म्हणजे बैठकीचं नेमकं आवश्यक वळण. अलंकार आणि अवयव इतके एक झालेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

अँटोनायनस पायसच्या स्तंभाचं उलटं झालं. दंड गेला, त्याचा ग्रॅनाइट एका ओबेलिस्कच्या दुरुस्तीत खर्ची पडला. उरलं ते फक्त पेडेस्टल, आज व्हॅटिकनच्या संग्रहात. एका बाजूला सम्राट आणि सम्राज्ञी फॉस्टिना यांचं स्वर्गारोहण, दोन बाजूंना घोडेस्वारांची फेरी. लोक ते स्वतंत्र शिल्प म्हणून बघतात, कारण वर खांब होता हे कळायला काही शिल्लकच नाही.

उंबरठा

ट्रेजनचं वर्णन वाचून पुन्हा जावंसं वाटलं. पण एकूण पेडेस्टलबद्दल माझं मत वेगळं आहे. पेडेस्टल खांबाचं वजन कमी करतं. व्हिन्योलाचेच आकडे घेऊ. त्याच ३.८ मीटरमध्ये पेडेस्टल वगळलं तर त्याचा नियम सांगतो पाच भाग करा, चार खांबाला. म्हणजे खांब ३.०४ मीटर. डोरिक खांब जाडीच्या आठपट उंच, म्हणून जाडी ३८ सेंमी. पेडेस्टल घातलं की खांब २.४ मीटर आणि जाडी फक्त ३० सेंमी. समोर उभ्या माणसाच्या नजरेसमोर खांब यायच्या ऐवजी डबा येतो आणि खांब वर कुठेतरी बारीक होऊन जातो.

दुसरं, शिल्परेषांनी सुरुवातीला ज्या उजेड-सावलीचं वर्णन केलं ती पेडेस्टल उंच झालं की हरवते. कॉर्निस बाहेर आलेली असते, जवळून वर पाहिलं की ती बैठकीचा प्लिंथ आणि कधी कधी खालचा टोरससुद्धा झाकते.

शिल्परेषा

उंबरठा, दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. बैठक नजरेच्या खाली असावी. वरून पाहिल्यावर खालच्या टोरसची पाठ दिसते, खोबणीचा ओठ दिसतो. नजरेच्या वर गेली की ती नुसती कडा उरते.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी इमारत बघून ठरवीन. कोलोसियममध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर अर्धखांबांखाली पेडेस्टल आहेत, आणि ती कमानींमधल्या कठड्याच्या रेषेत आहेत. तिथं वरच्या मजल्यावर कठडा लागणारच होता. पेडेस्टल नसतं तर अर्धखांबाची बैठक कठड्याच्या आड खाली बसली असती आणि कठडा खांबाला मध्येच येऊन भिडला असता. पेडेस्टलनं ती अडचण सोडवली. घराच्या दारात दोन खांब लावून त्यांच्याखाली ठोकळे ठेवण्याला मात्र मी तुमच्याइतकाच विरोध करीन.

रोममध्येच मार्सेलसच्या नाट्यगृहात तळमजल्याच्या डोरिक अर्धखांबांना ना पेडेस्टल ना बैठक. दंड थेट खाली. रोमन असूनही ग्रीकांसारखं, आणि फार भारदस्त.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यातलं उदाहरण देतो. जुन्या गोव्यातली बॉम जेझूची बॅसिलिका, १५९४ ते १६०५. समोरच्या भिंतीवर वेगवेगळ्या ऑर्डर एकाच दर्शनात मिसळल्या आहेत. भिंतीचं मुख्य काम जांभ्याचं, पण कोरीव भागांसाठी वसईकडून आणलेला बेसॉल्ट वापरला. शिल्परेषांनी फिलेटच्या बारीक रेघेबद्दल लिहिलं ते वाचून याचं कारण लक्षात आलं. जांभा सच्छिद्र, त्यात बोटभर पट्टीची धार टिकतच नाही. बेसॉल्ट कठीण, घडवायला जास्त वेळ लागतो, पण एकदा कोरलेली कड राहते. त्या काळी एवढ्या लांबून दगड आणायचं कुणाला हौस म्हणून सुचलं नसणार.

एजियन

मांडवीकाठ, छान मुद्दा. मुंबईकरांनी यासाठी टाऊन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढाव्यात. १८३३ ची इमारत, खाचांचे डोरिक खांब, आणि ग्रीक पद्धतीनं बैठक नाही. ३० पायऱ्यांचा तो चढ हीच माझ्या मते त्या खांबांची सामायिक बैठक. वर मांडलेलं मत तिथं प्रत्यक्ष पायांनी तपासता येतं.

तिसरंवर्ष

मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे. दोन प्रश्न आहेत. स्कोशिया काढताना माझी खोबण नेहमी अर्धवर्तुळ होते आणि सर म्हणतात मेलेली दिसते. ती नेमकी कशी काढायची? आणि सर्वांत वरची पट्टी काही पुस्तकांत बैठकीत मोजलेली असते, काहींत दंडात. कुठलं बरोबर?

तेलरंगी पेन्सिल

तिसरंवर्ष, पहिल्याचं उत्तर देतो, आयुष्य ड्रॉइंग बोर्डवर गेलंय.

अर्धवर्तुळ काढायचंच नाही. दोन पाव वर्तुळं जोडायची, वेगवेगळ्या त्रिज्यांची. वरचं लहान, खालचं मोठं. दोन्ही जिथं भेटतात ती रेषा उभी असली पाहिजे, आणि दोघांची केंद्रं त्या भेटीच्या बिंदूतून जाणाऱ्या एकाच आडव्या रेषेवर, म्हणजे सांधा दिसत नाही. खालचं वर्तुळ मोठं असल्यामुळे खालचा ओठ आपोआप बाहेर येतो, आणि तसा तो यायलाच हवा, कारण खालचा टोरस वरच्यापेक्षा बाहेर आहे. खोलीचा सगळ्यात आतला बिंदू वरच्या बाजूला सरकतो, सावली वर गोळा होते. मेलेपणा जातो.

एक काळजी. खालचा ओठ उचलून खोबणीचा तळ त्याच्या खाली उतरवायचा मोह होतो, कागदावर सावली छान दिसते. उघड्यावरच्या बैठकीत असं केलं की पावसाचं पाणी त्यात साचतं. आतल्या खांबाला चालेल, बाहेरच्याला नको.

सिंहद्वार

युरोपात मध्ययुगात प्लिंथच्या रिकाम्या कोपऱ्यांचं काय केलं तेही सांगतो, कारण भारवाहींनी तुटणाऱ्या कोपऱ्यांचा विषय काढला होता. बाराव्या शतकाच्या आसपासच्या रोमनेस्क चर्चांत अ‍ॅटिक बैठकच असते, पण गोल टोरसपासून चौकोनी प्लिंथच्या कोपऱ्यावर एक पान किंवा पंजा उतरवलेला असतो. गोल आणि चौकोन यांच्यातली ती मोकळी तिकोनी जागा भरून निघते, कोपरा जाड होतो. कधी पान, कधी छोटा प्राणी. क्लासिकल शिस्तीत हे बसत नाही, पण मला मनापासून आवडतं.

भारवाही

सिंहद्वार, अगदी बरोबर जागा धरली त्यांनी. कोपऱ्यावर दगडाची जाडी वाढली की तुटणं कमी होणार. देखणंही आणि शहाणपणाचंही.

शिल्परेषा

तिसरंवर्ष, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑर्डरवर अवलंबून आहे, म्हणून पुस्तकं वेगळी दिसतात. व्हिन्योला टस्कन खांबात ती पट्टी बैठकीत मोजतो. बाकी चारही ऑर्डरांत ती दंडाची. कारागिराच्या हिशेबानंही ती दंडाची असणं सोयीचं आहे, कारण अपोफिजीचा बाक त्या पट्टीतूनच सुरू होतो आणि दोन्ही एकाच दगडात कोरले तर नाजूक बाकावर सांधा येत नाही.

टस्कन बैठक तशीही सर्वांत साधी: प्लिंथ, एक टोरस, ही पट्टी, संपलं. व्हिट्रुव्हियसनं तर टस्कनचा प्लिंथ गोल सांगितलाय, उंचीचा निम्मा भाग त्याला आणि तेवढाच टोरसला. व्हिन्योलाच्या डोरिकमध्ये (ग्रीक डोरिकला नसली तरी याला बैठक असते) टोरसवर एक अ‍ॅस्ट्रागल वाढतो. त्याच्या कोरिंथियनमध्ये दोन टोरस, दोन स्कोशिया आणि मध्ये अ‍ॅस्ट्रागलांची जोडी, म्हणजे अ‍ॅटिक आणि आशियाई दोन्ही एकत्र.

काढताना मॉड्यूल म्हणजे निम्मी जाडी धर. टस्कन खांब १४ मॉड्यूल: बैठक १, दंड १२, माथा १. डोरिक १६: बैठक १, दंड १४, माथा १. टस्कनच्या १२ मध्ये ती खालची पट्टी धरू नकोस, डोरिकच्या १४ मध्ये धर.